प्रकाशाचा आवाज ऐकणारा माणूस

टेलिफोनचा शोध कोणी लावला? हा प्रश्न आपण चौथीच्या स्कॉलरशिपपासून सोडवत आलो आहोत. उत्तर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल, गुण एक. तो एक गुण पदरात पडला की बेलसाहेबांचा आणि आपला संबंध संपला! मीही त्या एका गुणापुरताच त्याला ओळखत होतो. यंदा सेमिनारला मी विषय घेतला तो सांध्यांच्या तपासणीचा. प्रकाश आणि अल्ट्रासाऊंड एकत्र वापरून बोटांच्या सांध्यात काय चाललंय ते कसं बघतात, असा. त्यावरचा कुठलाही लेख उघडा, सुरुवातीलाच एक नाव आणि एक साल ठरलेलं : बेल, १८८०. मला आधी वाटलं, हा कोणीतरी दुसराच बेल असणार. टेलिफोनवाल्याचं सांध्यांपाशी काय काम?

पण बेल तोच निघाला. सेमिनार देऊन झाला, जर्नल सबमिट झालं, तरी हा माणूस काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेखप्रपंच. आकृत्या आणि समीकरणं मुद्दाम टाळली आहेत, तेव्हा सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांनीही न घाबरता वाचावं.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो. ज्या शोधामुळे जग त्याला ओळखतं, तो टेलिफोन बेलचा स्वतःचा लाडका शोध नव्हता. त्याचा लाडका शोध वेगळाच होता, आणि तो त्याच्या हयातीत कुणाच्याच फारसा उपयोगी पडला नाही.

कपाळापाशी बोलणारा मुलगा

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. घराण्याचा धंदाच बोलण्याचा! आजोबा लंडनमध्ये शुद्ध उच्चार शिकवायचे, वडील मेलव्हिल बेलही तेच करायचे. वडिलांनी तर त्यासाठी एक लिपीच तयार केली होती. जीभ, ओठ, घसा कुठे आणि कसा ठेवला की कुठला आवाज निघतो, हे त्या लिपीच्या चिन्हांतच दाखवलेलं असायचं. भाषा येत नसली तरी चिन्ह बघून उच्चार करता यायचा. आपली व्यंजनं कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी मांडलेली आहेत ना, त्याच जातीचा विचार.

आई एलायझा चित्रं काढायची, पियानो छान वाजवायची. पण अलेक बारा वर्षांचा असताना तिला ऐकू येणं कमी कमी होत गेलं. बाकीचे लोक तिच्याशी कानाला लावायच्या नळीत मोठ्यानं बोलत. अलेकने वेगळीच युक्ती काढली. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन अगदी खालच्या, भरीव आवाजात बोलायचा आणि तिला ते समजायचं. आवाज म्हणजे कंप, आणि तो कंप कानाखेरीज दुसऱ्या वाटेनंही माणसापर्यंत पोचतो, हे या मुलाला पुस्तकात वाचण्याआधी आईच्या कपाळापाशी कळलं. त्याचं पुढचं सगळं आयुष्य मला या एका गोष्टीचा विस्तार वाटतं.

बाकी पोरगं उचापतीच होतं. बाराव्या वर्षी त्याने मित्राच्या वडिलांच्या गिरणीसाठी गव्हाचा कोंडा काढायचं यंत्र केलं, आणि ते त्या गिरणीत चाललंही. थोरल्या भावाबरोबर त्याने कृत्रिम घसा, जीभ आणि भाता जोडून एक बोलकं डोकं बनवलं. ते लहान मुलासारखं आईला हाक मारायचं. घरच्या कुत्र्याला गुरगुरायला शिकवून, त्याचा जबडा हातानं हलवून, आजीची खुशाली विचारणारं इंग्रजी वाक्य त्याच्याकडून वदवून घेतलं. आपल्याकडे रेड्यामुखी वेद, तिकडे श्वानमुखी इंग्रजी!

पण हे हसतं घर टिकलं नाही. १८६७ साली धाकटा भाऊ क्षयाने गेला. १८७० साली थोरला भाऊही त्याच रोगाने गेला. तीन मुलांतला एकच उरला, त्याचीही तब्येत तोळामासा. आईवडिलांनी मग फार विचार केला नाही. आहे ते आवरून त्याच वर्षी कॅनडा गाठला.

मेलेल्या माणसाचा कान

१८७१ साली बेल बोस्टनला आला आणि वडिलांची लिपी वापरून बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला. १८७३ साली बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला, वय अवघं सव्वीस. दिवसा शिकवणी, रात्री प्रयोग. एकाच तारेवरून वेगवेगळ्या सुरांत अनेक तारसंदेश एकदम पाठवायचे, हा त्याचा तेव्हाचा नाद. गार्डिनर हबर्ड आणि थॉमस सँडर्स या दोघांनी त्यासाठी पैसे पुरवले. दोघांचीही मुलं ऐकू न येणारी आणि बेलकडेच शिकणारी. हबर्ड यांची मुलगी मेबल पाच वर्षांची असताना तापात तिची श्रवणशक्ती गेली होती. पुढे, ११ जुलै १८७७ रोजी, याच मेबलशी त्याचं लग्न झालं. टेलिफोन कंपनीतले आपले शेअर, फक्त दहा स्वतःकडे ठेवून, त्याने तिच्या नावावर करून टाकले.

बोस्टनच्या एका कानाच्या डॉक्टरने १८७४ साली बेलला मृत माणसाचा खराखुरा कान मिळवून दिला. बेलने आतल्या नाजूक हाडांना गवताची एक काडी जोडली, काडीचं टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवलं आणि त्या कानात तो बोलू लागला. काडी हलली. काजळीवर बोलण्याची नागमोडी रेघ उमटली! कागदासारखा पातळ पडदा जर त्या मानानं जड हाडं हलवू शकतो, तर आवाजाने लोखंडी पत्राही हलवता येईल आणि त्यातून तारेत वीज खेळवता येईल, हे त्याच्या डोक्यात तिथून पक्कं झालं. ही काजळी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

टेलिफोनची कथा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १८७५ साली बेल वॉशिंग्टनला जोसेफ हेन्री या वयोवृद्ध शास्त्रज्ञाला भेटला. कल्पना सांगितली आणि आपल्याला विजेचं पुरेसं ज्ञान नाही, अशी कबुलीही दिली. हेन्रीने सांगितलं की नसेल तर मिळव. (केटी लागलेल्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं!) ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळालं आणि तीनच दिवसांनी मदतनीस वॉटसनला शेजारच्या खोलीत बेलचे शब्द तारेवरून ऐकू आले. इलायशा ग्रे याने पेटंट कचेरीत आपला अर्ज त्याच १४ फेब्रुवारीला दिला होता, ज्या दिवशी बेलचा गेला. अँटोनियो म्युची याचं काम तर त्याच्याही आधीचं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००२ साली ठराव करून म्युचीच्या कामाचा गौरव केला. श्रेयाचा तो वाद आजही मिटलेला नाही. पण कोर्टात सुमारे सहाशे खटले झाले आणि बेलची कंपनी तरून गेली. १८८२ साली आपल्या मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरूसुद्धा झालं.

उन्हाचा टेलिफोन

१८८० साली फ्रान्स सरकारने बेलला व्होल्टा पारितोषिक दिलं, पन्नास हजार फ्रँकचं. त्या पैशातून त्याने वॉशिंग्टनला प्रयोगशाळा काढली. आता तारेचा कंटाळा आला होता. तारेशिवाय, नुसत्या उन्हावरून बोलता येईल का?

सेलेनियमवर उजेड पडला की त्याचा विद्युत रोध बदलतो, हे १८७३ पासून माहीत होतं. बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स टेंटर यांनी एक पातळ आरसा घेतला. त्याच्या पाठीमागून बोललं की आरसा थरथरायचा आणि त्यावरून उडालेला सूर्याचा झोत कमीजास्त व्हायचा. लांब दुसऱ्या टोकाला वाटीसारखा मोठा आरसा तो झोत सेलेनियमवर गोळा करायचा. सेलेनियम, बॅटरी आणि टेलिफोनचा रिसीव्हर जोडला की बोलणं ऐकू यायचं. त्यांनी एका शाळेच्या गच्चीवरून आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत, सुमारे २१३ मीटरवर, असं बोलणं पोचवलं. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला जेवढा लांब आहे, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतर. पण साल बघा, १८८०! बिनतारी रेडिओचा तेव्हा कुठे पत्ता नव्हता.

याला त्याने नाव दिलं फोटोफोन. याच दिवसांत त्याला दुसरी मुलगी झाली, तर तिचंही नाव फोटोफोन ठेवायचं त्याच्या मनात होतं! मेबलने ठाम नकार दिला म्हणून त्या पोरीचं निभावलं. टेलिफोनपेक्षा फोटोफोन मोठा, असं बेल पुढे आयुष्यभर मानत राहिला.

व्यवहारात मात्र फोटोफोन अडला. ढग आले की बोलणं बंद, धुकं पडलं की बोलणं बंद. आपल्या कोकणात तर जून ते सप्टेंबर उपकरण माळ्यावरच टाकावं लागलं असतं. उजेडावरून बोलायचं त्याचं स्वप्न खरं व्हायला काचेच्या बारीक तंतूंची वाट बघावी लागली. आज हॉस्टेलच्या वाय-फायमागे तेच ऑप्टिकल फायबर आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रयोग करता करता बेलच्या लक्षात आलं की सेलेनियम काढून टाकलं तरी चालतं! खाचा पाडलेल्या फिरत्या चकतीतून ऊन तुटक तुटक करून रबराच्या पातळ तबकडीवर टाकलं, तर ती तबकडी स्वतःच बारीक सूर काढते. बॅटरी नाही, तार नाही. मग त्याने जे हाताला लागेल ते काचेच्या नळीत घालून ऐकायला सुरुवात केली. लोकर, रेशीम, कापूस... पांढऱ्यापेक्षा गडद रंगाच्या वस्तू मोठ्यानं वाजतात असं दिसलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं वाजली ती काजळी!

यावर माझा विश्वास बसेना, म्हणून आम्ही रूममेटनी मिळून हॉस्टेलच्या गच्चीवर हा प्रयोग केला. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, आतून एका बाजूला मेणबत्तीची काजळी धरवली, झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवली. पुठ्ठ्याच्या चकतीला १२ खाचा पाडून ती एका जुन्या मोटरवर चढवली. सेकंदाला साधारण २५ फेरे, म्हणजे उन्हाचे ३०० तुकडे. मोटरचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून नळी चांगली लांब घेतली आणि दुसरं टोक कानात घातलं. भुंगा लांबून गुणगुणावा तसा आवाज! मोटर चालूच ठेवून उन्हासमोर हात धरला की आवाज गायब, हात काढला की पुन्हा हजर. काजळीच्या जागी खडूची पूड घातली तर जवळजवळ काहीच नाही. मेसची ताटं वाजेपर्यंत अख्खा विंग रांग लावून ऐकत होता.

कारण साधं आहे. काळा पदार्थ उजेड गिळतो आणि जरासा तापतो. तापला की त्याला लागून असलेली हवा फुगते, उजेड तुटला की आकसते. फुगणं-आकसणं सेकंदाला तीनशे वेळा झालं, तर तो तीनशे हर्ट्झचा सूर. म्हणजे जो जास्त उजेड गिळतो तो जास्त ओरडतो. वस्तू न उघडता, तिला न शिवता, तिच्यात उजेड गिळणारं काय आहे हे नुसतं ऐकून ओळखता येतं. १८८१ साली ज्यांनी यावर प्रयोग केले त्यांत विल्हेल्म राँटजेन हे एक नाव आहे. होय, एक्स-रेवाला! चौदा वर्षांनी त्याला एक्स-रे सापडले आणि शरीराच्या आत बघायचं म्हटलं की जग एक्स-रेकडेच धावलं. काजळीचं गाणं मागे पडलं.

सापडली नाही ती गोळी

शरीराच्या आत बघायची ओढ मात्र बेललाही लागली होती, आणि त्यामागे एक दुःखद प्रसंग आहे.

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळीबार झाला. एक गोळी पाठीतून आत शिरली ती नेमकी कुठे आहे, ते कळेना. एक्स-रे यायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टर न धुतलेल्या बोटांनी आणि सळ्यांनी जखम चाचपत होते. बेलने सगळं काम बाजूला ठेवलं आणि टेंटरबरोबर रात्रंदिवस खपून धातू शोधणारं यंत्र तयार केलं. वेटोळ्यांजवळ धातू आला की टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आवाज यायचा. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या माजी सैनिकांवर त्याने ते तपासून पाहिलं. यंत्र चालत होतं.

२६ जुलै आणि १ ऑगस्टला त्याने अध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवलं. पहिल्या वेळी जोडणीत घोळ झाला. दुसऱ्या वेळी आवाज आला, पण जिकडे फिरवावं तिकडे येत राहिला. नंतर उलगडा झाला, गादीखाली पोलादी स्प्रिंगांची जाळी होती! शिवाय मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली होती. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला मिळाली.

त्याच ऑगस्टमध्ये बेलच्या घरी मुलगा जन्मला. दिवस भरायच्या आत आलेल्या त्या बाळाला श्वास घेता येईना, काही तासांतच ते गेलं. बेलने त्यानंतर छातीभोवती बसवायचं, भात्याने हवा ओढून श्वास चालू ठेवणारं एक जाकीट बनवलं. गोळी शोधायची सुई बनवली, धातूला टेकली की टेलिफोनमध्ये टिक वाजणारी. एक्स-रे येईपर्यंत शल्यविशारदांना ती उपयोगी पडली. अपयश आणि दुःख दोन्ही पचवून कामाला लागायची ही त्याची रीत मला टेलिफोनपेक्षा मोठी वाटते.

दुसरी बाजू

थोरामोठ्यांची चरित्रं लिहिताना आपण बहुधा आरतीचं ताट हातात घेतो. तसं करून चालणार नाही. बहिऱ्यांनी हातांच्या खुणांची भाषा सोडून ओठ वाचावेत आणि तोंडानंच बोलावं, हा बेलचा हट्ट होता. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्नं केली तर बहिऱ्यांची वेगळी जातच तयार होईल, अशी भीती त्याने १८८३ साली एका प्रबंधात मांडली. खुणांची भाषा हीच ज्यांची मातृभाषा, त्यांच्या कितीतरी पिढ्यांना शाळांतून याचा त्रास भोगावा लागला. त्यांच्यापैकी अनेकांना आजही बेलबद्दल राग आहे, आणि त्या रागाला कारण आहे. ज्याची आई आणि बायको दोघींना ऐकू येत नव्हतं, त्याच माणसाचं हे मत! प्रेम असलं की समजही असतेच, असं नाही.

दुसरीकडे, १८८६ साली एक बाप आपल्या अंध आणि बहिऱ्या मुलीला घेऊन बेलकडे आला आणि बेलने त्यांना योग्य शाळेची वाट दाखवली. ती मुलगी हेलन केलर. तिने आपलं आत्मचरित्र बेललाच अर्पण केलं. एकाच माणसाच्या खात्यावर या दोन्ही नोंदी आहेत.

उरलेलं आयुष्य त्याने बरंचसं कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया इथं, पाण्याकाठच्या घरात घालवलं. पतंग उडवले, विमानांच्या मागे लागला. त्याच्या मंडळींचं सिल्व्हर डार्ट हे विमान २३ फेब्रुवारी १९०९ रोजी गोठलेल्या पाण्यावरून उडालं. १९१९ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याच्या पाणपंखी बोटीने ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा विक्रम केला. २ ऑगस्ट १९२२ रोजी मधुमेहाने तो गेला. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट मुके ठेवले होते.

काजळी पुन्हा बोलू लागली

आता सांध्यांकडे येतो. बेलने काजळीचं गाणं ऐकलं त्याच १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांना दिसलं की काही स्फटिक दाबले तर त्यांच्यावर विद्युतभार येतो. हीच पिझोइलेक्ट्रिसिटी. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे स्फटिक वापरून पाणबुड्या शोधायला समुद्रात अल्ट्रासाऊंड सोडलं. आमचे काका तांडेल आहेत. त्यांच्या ट्रॉलरवर फिशफाइंडर आहे तो याच घराण्यातला. आवाज खाली सोडायचा, बांगड्याच्या थव्यावरून किंवा तळावरून परत आला की स्क्रीनवर बघायचा. दवाखान्यातली सोनोग्राफीही तीच.

बेलच्या शोधाला दोन गोष्टींची उणीव होती. उन्हाचे तुकडे फार लांब आणि दुबळे होते, आणि बारीक आवाज टिपणारा कान नव्हता. कान क्युरी बंधूंच्या स्फटिकातून आला. दिवा मिळाला १९६० साली, लेसर. मग अब्जांश सेकंदांत मोजावी लागणारी लेसरची चमक कातडीवर टाकायची. आत रक्तातलं हिमोग्लोबिन तो उजेड गिळतं, अंशाच्या हजाराव्या भागाइतकं तापतं, फुगतं आणि अल्ट्रासाऊंड सोडतं. काजळीचंच काम इथे रक्त करतं!

पण नुसता उजेड टाकून आत बघता का येत नाही? आंबोली घाटात धुक्यातून गाडी चालवलेल्यांना हे चटकन कळेल. हेडलाइटचा उजेड समोरच विखरून जातो, वळणापलीकडचं काही दिसत नाही, पण हॉर्न मात्र नीट ऐकू येतो. शरीरातही उजेड मिलिमीटरभर गेला की विखरायला लागतो. आवाज त्या मानानं फारच कमी विखरतो. म्हणून आत जायला उजेड आणि बाहेर यायला आवाज. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, म्हणजे सेंटिमीटरभर खोलीवरून निघालेला आवाज साडेसहा मायक्रोसेकंदांत प्रोबपाशी. तो केव्हा आला यावरून रक्त कुठे आहे ते काढायचं. त्याच प्रोबने नेहमीची सोनोग्राफीही करायची. सोनोग्राफी हाड, स्नायुबंध आणि सांध्याची आकृती दाखवते, फोटोअकूस्टिक त्या आकृतीवर रक्त रंगवते. दोन वेगळ्या तरंगलांबींचे लेसर वापरले तर त्या रक्तात प्राणवायू किती आहे याचाही अंदाज येतो.

याचा उपयोग काय, ते माझ्या घरचंच सांगतो. आमची काकी पहाटे किनाऱ्यावर लिलावात मासळी घेते, दिवसभर बर्फात हात घालते, आडाळ्यावर मासे कापते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिच्या मुठी वळत नसत, बोटांची पेरं सुजत. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तो स्वच्छ. गार पाण्याचं काम, वयही झालं, असं सांगून बोळवण झाली. दीड वर्ष असं गेलं. शेवटी गोव्याला बांबोळीला नेल्यावर कळलं की हा आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आता गोळ्या चालू आहेत, पण दोन बोटं वाकडी झाली ती झालीच.

एक्स-रे खोटं बोलला नव्हता. तो हाड दाखवतो, आणि हाड झिजायला वेळ लागतो. आमवात सुरू होतो सांध्याच्या आतल्या अस्तरात. अस्तर सुजतं, तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. सोनोग्राफीतलं डॉपलर तंत्र वाहतं रक्त दाखवतं, पण अगदी बारीक वाहिन्यांतलं संथ रक्त त्यातून निसटू शकतं. फोटोअकूस्टिकला रक्त वाहतंय की थांबलंय याच्याशी देणंघेणं नाही. ते लाल आहे ना, मग ते वाजणार! अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि नेदरलँड्समध्ये ट्वेंटे विद्यापीठात रुग्णांच्या बोटांवर असे प्रयोग झाले आहेत. २०१७ साली दोन्हीकडचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, सुजलेल्या सांध्यातून निरोगी सांध्यापेक्षा जास्त सिग्नल येतो असे. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही फोटोअकूस्टिकवर काम चालतं. सांध्यांसाठी हे तंत्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. लेसर महाग, म्हणून स्वस्त एलईडी वापरून बघताहेत.

आणि यात आपल्यासाठी एक खास अडचण आहे. जे जे काळं ते ते उजेड गिळतं, हे बेलनेच दाखवलं. मग कातडीतलं मेलॅनिनही गिळणारच. गडद कातडीत बराच उजेड वरच्या वरच खर्च होतो, कातडी स्वतःच मोठ्यानं वाजते आणि खालच्या सांध्याचा आवाज दबतो. गोऱ्या बोटावर बसवलेलं गणित उन्हात रापलेल्या बोटावर जसंच्या तसं लागू पडेल असं गृहीत धरता येत नाही. ते नव्याने बसवावं लागेल, आमच्या काकीसारख्यांच्या बोटांवर मोजून.

हे काम लेसर बनवण्याइतकं अवघड नाही. सिग्नल प्रोसेसिंग आपल्याला अभ्यासक्रमातच आहे, कृत्रिम बोटाचे नमुने जिलेटिनमध्ये शाई मिसळून करता येतात, आणि कातडीच्या रंगाच्या जितक्या छटा हव्यात तितक्या आपल्या मेसच्या एका रांगेत मिळतील. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत फिरणाऱ्यांनी जरूर विचार करावा. मी स्वतः हाच घेणार आहे. ज्याला यायचं असेल त्याने गच्चीवर यावं, बरणी अजून तिथंच ठेवली आहे.

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार, मुलांचे वसतिगृह